ठोके सगळ्यांना आवडले

१

क्लेम सापडला तेव्हा त्याच्या मांडीवर ऑब्री स्टॅनहोपची उशी होती. उशी तशी आमचीच, 'पेट्रल' थिएटरची, लाल मखमलीची, एका कोपऱ्यात उसवलेली. पण ती ऑब्रीसाठी काढायला म्हणून माझा नवरा फिल्मच्या कोठडीत गेला आणि मागे दार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अडसर उचलला, तर तो भिंतीला टेकून बसलेला, बस चुकलेला माणूस स्टॉपवर बसतो तसा. मी हाक मारली. मग आता कशाला हाक मारायची, असं वाटून गप्प झाले.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लोक झाकलेली भांडी घेऊन येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी त्यांना चहा देते. दाढ काढल्यावर गाल होतो ना, तसं आत काहीतरी बधिर झालंय. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही.

कोठडीबद्दल सांगायला हवं. जुन्या काळची फिल्म भसकन पेट घ्यायची, म्हणून ती ठेवायला थिएटरात जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली असे. आमची हॉलच्या डाव्या भिंतीमागे आहे. तिचं दार हॉलमधूनच, पडद्याआडच्या अरुंद बोळात उघडतं. दार सोडलं की आपल्या वजनाने मिटतं, बाहेरचा अडसर आपोआप पडतो आणि आतून उघडायची सोय नाही. आता सिनेमा बटण दाबलं की सुरू होतो, त्यामुळे कोठडीत जुनी पोस्टरं, उशा असलं काहीबाही पडलेलं असतं. आत जाताना क्लेम दारात एक दगड ठेवायचा. रोझबेरीच्या खाणीतला, पावाएवढा, चमचमणारा. खाणीने मला दोनच गोष्टी दिल्या, असं तो म्हणायचा, हा दगड आणि छातीतली धूळ. त्या धुळीमुळे त्याचा श्वास झाकण सैल झालेल्या किटलीसारखा शिट्टी मारायचा. त्या शिट्टीपायी आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपायचो. म्हणूनच तो घरी आलाच नाही, हे मला सकाळी कळलं.

अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या ऑफिसातून सार्जंट नोएलीन पायबस आली. आम्ही दोघी एकाच क्लबात लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळतो. हरली की ती आठवडाभर बोलत नाही, पण बाई सरळ आहे.

"दम कोंडून गेला, मर्ल," ती पेपरमिंट चघळत म्हणाली. "फुप्फुसं आधीच कामातून गेलेली. दगड ठेवायचं विसरला असणार. कोरोनरसाहेब 'स्वतःच्या निष्काळजीपणाने' असं लिहितील, तयारी ठेव."

"क्लेम लग्नाचा वाढदिवस विसरायचा. स्वतःची कवळी विसरायचा. दगड नाही विसरायचा. जन्मभर खाणीत उतरलेला माणूस बाहेर पडायची वाट विसरत नाही, नोएलीन."

"मग दगड कुठंय?"

दगड बोळात नव्हता. कोठडीतही नव्हता.

"आणि त्याने आतून ठोकलं तर असेलच," मी म्हणाले. "हॉलमध्ये माणसं बसली होती. कुणीच ऐकलं नाही?"

"एकूणएकाला विचारलं. काही वेगळं ऐकू आलं का म्हणून. सगळे म्हणाले, नाही."

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. तो स्वतःच्या चुकीने मेला का, आणि त्याला कुणी ऐकलं का. बाकी जगाने आपापल्या घरी जावं.

२

त्या संध्याकाळी आमच्याकडे समीक्षकांसाठी खास खेळ होता. सिनेमाचं नाव 'कोंडी'. इथेच, टास्मानियाच्या वरच्या पठारावर चित्रित झालेला. बर्फात अडकलेली एक खोली, एक नवरा, एक बायको. आपली बायको कुणाला तरी सामील आहे, भिंतीपलीकडे कुणीतरी दडलंय, या संशयाने नवऱ्याचं डोकं फिरत जातं. दिग्दर्शक रीस ॲमोट हा लॉन्सेस्टनचा पोरगा. आधी सिनेमांसाठी आवाज ध्वनिमुद्रित करायचा, मग स्वतः सिनेमे काढू लागला. आधीचे दोन सिनेमे समीक्षकांनी जिवंत गाडले होते. तिसराही गाडला, तर त्याला कुणी दारात उभं करणार नाही, हे आमच्या सगळ्या होबार्टला ठाऊक होतं.

समीक्षक तिघे. मेलबर्नचा ऑब्री स्टॅनहोप, ज्याची पाठ दुखते आणि जो दहा मिनिटांत घोरतो. सिडनीच्या रेडिओवरची टूला व्हार्डास, जिला काहीच आवडत नाही. आणि आमचा फर्गस लकिन, जो आठवड्यातून एकदा सिनेमावर आणि एकदा भाजीपाल्यावर लिहितो. समीक्षक ही जात एकत्र बसत नाही. तिघे तीन कोपऱ्यांत बसले, खेळ संपल्यावर एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. आपलं मत दुसऱ्याने चोरू नये म्हणून. आणि सिनेमा लागेल त्या दिवसापर्यंत कुणी काही छापायचं नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलेलं असतं.

त्यामुळे क्लेमला पुरून झालं, तरी 'कोंडी' कसा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मी भयपट बघत नाही. त्या संध्याकाळी मी बाहेर पाहुण्यांसाठी आइस्क्रीमचे कोन चॉकलेटात बुडवत होते.

मग एकाच सकाळी तिघांचं मत बाहेर पडलं, आणि तिघांनी सिनेमा डोक्यावर घेतला. ऑब्रीने लिहिलं, 'कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी झोपलो नाही, आणि याचं श्रेय भिंतीतून येणाऱ्या त्या ठोक्यांना. पाठीला उशी मागितली होती, ती शेवटपर्यंत आली नाही. नंतर तिची आठवणही राहिली नाही.' टूला रेडिओवर म्हणाली, 'ठोके हळूहळू मंदावत जातात. मग ती बाई चहा ओतते आणि ते थांबतात. त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला.' फर्गसने नेहमीप्रमाणे एक खोट काढली, 'ठोके जरा लवकर थांबले. अजून चालले असते.'

थिएटर भरलं. मी तिकिटं फाडत होते. घरी बसून काय करणार होते?

पहिला खेळ सुटला तसा ग्लेनॉर्की उपनगरातला एक दांडगा माणूस काउंटरवर आला.

"पैसे परत द्या."

"का हो?"

"ठोके कुठायत? रेडिओवाली म्हणाली, भिंतीतून ठोके येतात. मी आणि बायको कान टवकारून बसलो. दीड तास नुसती शांतता. एक ठोका नाही!"

त्याच्या मागे आणखी चौघं उभी होती. त्यांचीही तीच तक्रार.

मी हातातली तिकिटं खाली ठेवली आणि नोएलीनला फोन लावला.

३

तिकीटघरात आम्ही फोन मोठ्या आवाजात ठेवला. पहिला ऑब्री.

"बाई, मी बेचाळीस वर्षं समीक्षा करतोय," तो गुरगुरला. "मी ऐकलं ते ऐकलं. डाव्या बाजूने. हृदयाच्या ठोक्यांसारखे, संथ."

"मग पोलिसांनी विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत ते?" पायबसने विचारलं.

"त्यांनी विचारलं, वेगळं काही ऐकलं का. ते वेगळं कुठे होतं? सिनेमातलंच तर होतं!"

टूला म्हणाली, कुणीतरी खिळा ठोकावा तसा आवाज होता. फर्गस समोरच उभा होता, हातात माझ्यासाठी आणलेली कांद्याच्या पातीची जुडी. त्याच्या मते छपरावर पॉसमसारखं जनावर नाचावं तसा.

"तिघे समीक्षक आणि चार मतं," पायबस पुटपुटली. "बरं, किती किती ठोके? काही ताल? काही ठेका?"

कुणाला सांगता येईना. परिणाम जबरदस्त होता, एवढंच तिघे सांगत राहिले.

"एका गोष्टीवर तरी एकमत आहे का? आवाज वाढत गेला की कमी होत गेला?"

"कमी," टूला म्हणाली. "त्यातच तर गंमत होती. दिग्दर्शकाने असा काही संयम..." ती मध्येच थांबली. "सार्जंट, हे का विचारताय?"

पायबसने माझ्याकडे पाहिलं. तिला बोलणं जड जात होतं, मला जात नव्हतं.

"सिनेमात ठोके नाहीत, टूला," मी म्हणाले. "तो माझा नवरा होता."

फर्गसने पातीची जुडी काउंटरवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"मी लिहिलंय, लवकर थांबले म्हणून," तो म्हणाला.

"वाचलंय मी," मी म्हणाले.

दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ऐकलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. मला राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. सिनेमात माणूस मरायला लागला म्हणून खुर्चीतून उठायचं नसतं, हे त्यांना इतकी वर्षं शिकवलंय. ते शिकवल्यासारखे वागले.

"पण मर्ल," फोन ठेवल्यावर पायबस सावकाश म्हणाली, "या तिघांनी सिनेमा पहिल्यांदाच पाहिला. त्यांची चूक समजते. ज्याला हा सिनेमा तोंडपाठ होता, असं कुणी होतं का त्या हॉलमध्ये?"

४

सिनेमा तोंडपाठ असलेले दोघे होते. एक प्रसिद्धीचं काम बघणारी डिमिटी, दुसरा रीस.

डिमिटी पोस्टरं न्यायला दुपारी आलीच. हडकुळी, सतत घाईत, प्रत्येक वाक्याला 'सॉरी' म्हणणारी.

"खेळ चालू असताना मी हॉलमध्ये नव्हतेच हो, सॉरी. मर्ल, मी तुमच्याजवळच होते ना, टेबल मांडत? पत्रकं वाऱ्याने उडत होती..." तिने पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला आणि त्यावरचं वजन बाजूला ठेवलं.

रोझबेरीचा दगड.

पायबसचं चघळणं थांबलं. "हा कुठून आणलास गं?"

"हा? खेळ सुरू व्हायच्या आधी, त्या बोळातून. एका दारापाशी पडला होता. किती छान चमकतो! पत्रकांवर ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि नंतर चुकून माझ्याच सामानात गेला. तुमचा आहे का? सॉरी, खरंच..." तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं. "काय झालं?"

तिला सांगितल्यावर ती जमिनीवरच बसली. मी तिला उठवलं, चहा दिला, दोन चमचे साखर घालून. तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या मनात आलं, हे सगळं कुणीतरी माझ्यासाठी करायला हवं. पण तेही लांबून, शेजारणीबद्दल यावं तसं.

"म्हणजे क्लेम विसरला नव्हता," पायबस म्हणाली. "निष्काळजीपणा बाद. हे मी आजच लिहिते."

दगड मी माझ्याजवळ ठेवून घेतला.

"आणि रीस?" पायबसने विचारलं. "तो कुठे होता?"

"रीस कधीच आत बसत नाही, असं सांगतो सगळ्यांना," डिमिटी नाक पुसत म्हणाली. "बंदराच्या धक्क्यावर फेऱ्या मारतो. पण मागे बसतो, मला माहितीये. त्याच्याकडे छोटं रेकॉर्डर आहे. प्रत्येक पहिल्या खेळाला तो प्रेक्षकांचा आवाज घेतो. कोण खोकलं, कोण हललं, कुठे हसले. घरी जाऊन ऐकतो आणि सिनेमात काटछाट करतो. ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. त्या दिवशीही आणलं होतं की नाही, ते मात्र मी पाहिलं नाही, सॉरी."

संध्याकाळी रीस स्वतःच भेटायला आला. देखणा आहे, डोळ्यांखाली काळं. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मर्ल, मला शब्द सापडत नाहीत."

"त्या दिवशी आत होतास का रे?" पायबसने सरळ विचारलं.

"मी? छे! माझ्याने बघवत नाही. धक्क्यावर होतो, पार शेवटपर्यंत. थंडीने मेलो..." तो चपापला. "माफ करा."

"आणि या ठोक्यांचं काय?"

"समीक्षक हो! त्यांना हवं ते ऐकू येतं." तो हसला. "पण एक मात्र खरं. लोक आता ठोके ऐकायला येतायत. नसले तर तक्रार करतात. म्हणून मी नवी प्रत करतोय, ठोके घालून. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडेच लागेल."

तो गेल्यावर पायबसने नवी पेपरमिंट तोंडात टाकली.

"टूलाच्या कार्यक्रमात तो आज सकाळी बोलला, ऐकलंस? तिने ठोक्यांची स्तुती केली तर म्हणाला, 'त्यावर फार मेहनत घेतली.'"

"फुकटचं श्रेय कोण सोडतं?"

"तेच म्हणतेय. श्रेय सोडू नये, पण आश्चर्य तर वाटायला हवं की नाही? स्वतः केलेल्या सिनेमात नसलेला आवाज तिघांना ऐकू आला, असं वाचल्यावर कुठलाही दिग्दर्शक पहिला फोन थिएटरला करेल. काय हो, तुमच्या स्पीकरला काय झालंय, म्हणून भांडेल. त्याने केला?"

"नाही."

"धक्क्यावर फिरणाऱ्या माणसाला आश्चर्य वाटलं नाही, मर्ल. त्याला आधीच माहीत होतं. पण हे कोर्टात टिकायचं नाही. तो म्हणेल, स्तुती ऐकून हुरळलो."

"मग?"

"मग नवी प्रत येऊ दे."

५

नवी प्रत आली त्या सकाळी हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच थिएटरात भयपट बघायला बसले. पायबस शेजारी, माझ्या मांडीवर दगड. का आणला होता कुणास ठाऊक, हाताला थंड वाटत होता एवढंच.

सिनेमा चांगला आहे, हे कबूल करायला हवं. खोली लहान होत जाते असं वाटतं. नवरा बायकोच्या पाठीकडे बघतो आणि आपल्यालाही तिच्या पाठीचा संशय येऊ लागतो. बर्फ, दिवा, पुन्हा तिची पाठ.

मग ठोके आले. लांबून, दबलेले.

तीन. थोडं थांबून एक.

मी पायबसचा हात धरला. पुन्हा तीन, आणि थांबून एक.

"काय?" पायबस कुजबुजली.

"खाणीतली खूण आहे. माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याची. तीन म्हणजे माणसं आहेत. एक म्हणजे वर ओढा." माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. "क्लेम घरी मोरीचं दार अडकलं तरी असंच ठोकायचा. मी मुद्दाम उशीर करायचे. 'अजून दगड भरा', असं म्हणायचे."

"तिघांपैकी एकालाही ताल सांगता आला नव्हता," पायबस म्हणाली. "छापूनही कुठे आला नाही. मग या प्रतीत..."

"गप्प बस गं. ऐक."

ठोके आता जवळ आले होते. इतके जवळ, की भिंत नव्हे, लोखंड वाजतंय हे कळत होतं. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये अगदी बारीक, पानांमधून वारा जावा तसा आणखी एक आवाज होता. वर जाणारा, अडखळणारा, परत वर जाणारा.

झाकण सैल झालेली किटली.

इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी खोलीचं दार लावून घेत होते, तो आवाज. आमच्या थिएटरच्या सगळ्या स्पीकरांतून.

"बंद कर," मी म्हणाले. पायबस धावत वर गेली. पडद्यावरची बाई किटलीकडे हात नेत होती, तिथेच सिनेमा थांबला.

"नोएलीन, हे कुणी तयार केलेलं नाही," ती परत आल्यावर मी म्हणाले. "हा क्लेमच आहे."

६

तीन समीक्षक, डिमिटी आणि रीस. पायबसने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. समीक्षक सवयीने तीन कोपऱ्यांत जाऊन बसले, आणि रीस शेवटच्या रांगेत. त्याला कुणी तिथे बसायला सांगितलं नव्हतं.

पायबसने ठोक्यांचा भाग चालवला आणि शिट्टी ऐकू येताच सिनेमा थांबवून दिवे लावले.

"टूला, त्या दिवशी हे असंच होतं?"

"ठोके हेच." तिचे डोळे सुजलेले होते. "पण ते कमी होत गेले होते. हे तर मोठे होतायत. आणि हा मधला आवाज... हा नव्हता."

"ऑब्री?"

"नव्हता," ऑब्री म्हणाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. फर्गसनेही मान हलवली.

"रीस, हा आवाज तू कुठून आणलास?"

"स्टुडिओत केला." त्याचा चेहरा शांत होता. "लोखंडी पिंप आणि हातोडी."

"पिंपाला खाणीतली खूण कुणी शिकवली? आणि पिंपाला दमा कधी झाला?"

तो म्हणाला, "बरं, ठीक आहे. रेकॉर्डर मी मागच्या सीटखाली ठेवून गेलो होतो. नंतर घरी ऐकलं. तेव्हा काय कळणार, कोण आहे ते? मी तो वापरला, आवाज वाढवला. चूक झाली, मान्य आहे."

"हां, आवाज वाढवला." पायबस बोळाकडे चालत गेली. "सकाळी मी या कोठडीत जाऊन बसले होते. मर्ल तुझ्या त्या सीटवर बसली. मी ठोकलं, तिला ऐकू आलं. मी खोकले, शिट्टी मारली, जोरजोरात श्वास घेतला, तिला काही ऐकू आलं नाही. भिंत जाड आहे. मग ती इथे आली, दाराच्या फटीला कान लावला, तेव्हा ऐकू आलं. आवाज वाढवला की जे आहे ते मोठं होतं, रीस. जे नाहीच ते कुठून येणार? आत माणूस थकत चालला होता. हॉलमध्ये ठोके मंदावत होते. तुझ्या यंत्रात मात्र ते मोठे होत गेले. कारण यंत्र उठलं, चालत बोळात आलं आणि या दाराला लागलं. यंत्राला पाय नसतात. आणि ते तू दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीस."

मी दगडावरून हात फिरवत होते. मला वाटलं होतं, या क्षणी तरी काहीतरी फुटेल. रीसच्या मानगुटीला धरावं असं वाटेल. मी वाट बघितली, पण काही आलं नाही.

"आधी मला वाटलं, कुणीतरी दुरुस्ती करतंय," रीस म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत होता. "मी ओरडायलाच उठलो होतो. सिनेमा बिघडतोय म्हणून. आणि मग ऑब्रीकडे पाहिलं. ऑब्री ताठ बसला होता. माझ्या दोन्ही सिनेमांत हा माणूस घोरला होता, मर्ल. टूलाने लिहिणं थांबवून वर बघितलं होतं. मला वाटलं, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं चालू दे."

"आणि दारापाशी?" मी विचारलं.

"दारापाशी..." त्याने ओठ चाटले. "ते इतकं खरं वाटत होतं."

"अडसर कुठे आहे ते दिसलं होतं?"

"हो."

"मग नंतर स्टुडिओत दुसरं काहीतरी का नाही केलंस रे? तुझं ते पिंप?"

"केलं. खूप केलं," तो अगदी खरेपणाने म्हणाला. "कुठलंच जमेना."

डिमिटीने तोंडावर हात घेतला. ऑब्री स्टॅनहोप उठला, दोन पावलं माझ्याकडे आला आणि परत आपल्या जागेवर गेला. पायबसच्या माणसाने रीसला बाहेर नेलं. जाता जाता त्याने पडद्याकडे एकदा बघितलं, थांबलेल्या चित्राकडे, सगळं नीट आहे ना हे तपासावं तसं.

पायबस माझ्या शेजारी येऊन टेकली.

"कलम कुठलं लागेल, मला माहीत नाही, मर्ल. दार त्याने लावलं नव्हतं. पण क्लेमच्या नावापुढे निष्काळजीपणा लागणार नाही, हे नक्की." ती जराशी घुटमळली. "एक काम राहिलंय. ठोके त्या दिवशी नेमके कुठे थांबले, ते या तिघांनी बघून सांगायला हवं. कोरोनरसाहेबांना मृत्यूची नेमकी वेळ हवी असते. तू बाहेर जा, चहा घे."

"बसते मी," मी म्हणाले.

दिवे गेले. पुन्हा तीच खोली, तोच बर्फ, तीच पाठ. आणि डावीकडून, लांबून, तीन. थांबून एक.

ऑब्री बसला होता. टूला बसली होती. फर्गस मान खाली घालून बसला होता. ठोके जवळ आले, मध्ये शिट्टी वाजू लागली. तीन. थांबून एक. माणसं आहेत, वर ओढा. पडद्यावर बाईने कप मांडले. आता ती किटली उचलणार होती.

मी उठले. मांडीवरचा दगड घेतला, अंधारात बोळात गेले, अडसर उचलून दार उघडलं आणि दगड दारात ठेवला.